जिन्यातला धूर आणि गाळेधारकांचा ठराव : आपले मत काय?

तिसरा मजला (धागाकर्ता)

गंगापूर रोडवरील ज्या व्यापारी संकुलात माझे कार्यालय आहे, तेथील गाळेधारकांची बैठक येत्या रविवारी होणार आहे. तिच्यापुढे एकच विषय आहे : संकुलाच्या छताखालील प्रत्येक जागेत, म्हणजे जिने, लिफ्टसमोरची जागा, तळघरातले पार्किंग, हॉटेल आणि परमिट रूम येथे, धूम्रपान पूर्णपणे बंद करावे काय? संकुलाचे नाव मुद्दाम देत नाही. अशी संकुले नाशकात पुष्कळ आहेत आणि प्रश्न सगळीकडे सारखाच आहे.

आमच्याकडची परिस्थिती अशी. तळमजल्यावर औषधांचे दुकान आणि बेकरी, पहिल्यावर हॉटेल, दुसऱ्यावर परमिट रूम, तिसऱ्यावर आमच्यासारखी कार्यालये आणि चौथ्यावर अकरावी-बारावीचा क्लास. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर, विजेच्या मीटरांखाली, रंगाचा एक रिकामा डबा ठेवलेला आहे. त्यात अर्धा डबा वाळू आहे. तो कोणी ठेवला हे आजवर कोणी कबूल केलेले नाही. सफाई करणाऱ्या मावशी सकाळी तो रिकामा करतात आणि दुपारी दोनपर्यंत तो पुन्हा थोटकांनी भरतो. डब्याच्या वरच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, पांढऱ्या रंगाचा चहाच्या डागासारखा पिवळा पट्टा झाला आहे. पावसाळ्यात जिन्याच्या खिडक्या लावून घेतल्या की तो जिना शब्दशः धुराडे होतो. खाली पेटवलेल्या सिगारेटचा वास चौथ्या मजल्यावर वर्गाच्या दारात येतो आणि मुले नाकाला रुमाल लावून चपला काढतात.

मागच्या महिन्यात या विषयाची अनौपचारिक चर्चा झाली. तेव्हा आलेले आक्षेप तीन प्रकारचे होते. कायदा आहेच, मग वेगळा ठराव कशाला, हा पहिला. धंदा आधीच बेताचा आहे, त्यात गिऱ्हाइकाला नाराज कोण करणार, हा दुसरा. आज सिगारेट बंद कराल, उद्या जिन्यात चहा प्यायलाही बंदी घालाल, हा तिसरा. तिसऱ्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही, कारण शेजाऱ्याने प्यायलेला चहा माझ्या पोटात जात नाही. पहिल्या दोन आक्षेपांवर मात्र मला जाणकारांची मते हवी आहेत. मी स्वतः बंदीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही परमिट रूमच्या गच्चीचे काय करायचे आणि जिन्यातून हुसकावलेल्या लोकांनी जायचे कुठे, या दोन प्रश्नांची उत्तरे माझ्याजवळ नाहीत.

अठ्ठावीस खुर्च्या

धागाकर्त्यांनी दुसरा आक्षेप एका वाक्यात उरकला आहे, म्हणून त्याची दुसरी बाजू मांडतो. माझे इंदिरानगर भागात छोटे हॉटेल आहे. खुर्च्या अठ्ठावीस. ज्या हॉटेलात तीस किंवा अधिक लोक बसू शकतात, त्यालाच धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवता येते. म्हणजे मोठ्या हॉटेलवाल्याने काचेची खोली करावी आणि माझ्या गिऱ्हाइकाने जेवण अर्धे टाकून रस्त्यावर जावे, असा याचा व्यवहारातला अर्थ होतो. दोन खुर्च्या वाढवून तीस कराव्यात, असा विचार माझ्या मनात एकदा येऊन गेला, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मी सिगारेट ओढत नाही. माझ्या गल्ल्याच्या मागे लावलेल्या देवीच्या तसबिरीवरही काजळी धरते, ती मलाच पुसावी लागते. पण चौघांच्या टेबलावर एकाने सिगारेट काढली, तर त्याला उठवणे म्हणजे चौघांना उठवणे असते. तो एकटा जात नाही. चौघेही बिल मागतात आणि पुढच्या वेळी चार दुकाने सोडून पलीकडे जातात, जिथे त्यांना कोणी हटकत नाही. नियम पाळणाऱ्याचे गिऱ्हाईक न पाळणाऱ्याकडे जाते, हे माझे खरे दुखणे आहे. सगळ्यांवर एकाच दिवशी, एकसारखी बंदी घालून ती खरोखर पाळून घेतली, तर माझी एका शब्दाची तक्रार नाही. तेव्हा गिऱ्हाईक जाऊन जाऊन जाणार कुठे? एका संकुलाने ठराव करायचा आणि समोरच्या संकुलाने डोळे मिटायचे, असे झाले तर ठराव करणाऱ्याचे नुकसान आहे, इतकेच माझे म्हणणे.

वकिली चष्मा

पहिला आक्षेप माझ्या वाट्याचा दिसतो. मुद्दे सरमिसळ होऊ लागले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांविषयीचा कायदा २००३ चा आहे. त्याच्या कलम ४ ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. त्याच्याही आधी, २ नोव्हेंबर २००१ रोजी, मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सभागृहे, रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, वाचनालये, न्यायालये, सरकारी कार्यालये आणि सार्वजनिक वाहने यांत धूम्रपान बंद करण्याचे आदेश दिले होते. आज ज्या नियमांनी व्यवहार चालतो, ते २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले आणि त्यांत कामाची ठिकाणे, मॉल, उपाहारगृहे, बार, कॅन्टीन, मंगल कार्यालयांसारखी सभागृहे हे सगळे नावानिशी आले. जिना हा तुमच्या कार्यालयाचा, क्लासचा आणि हॉटेलचा सामाईक रस्ता आहे. तो यातून सुटत नाही.

मूळ कायद्यात ‘मोकळी जागा’ सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे आणि गच्चीवाले नेमके याच शब्दाचा आधार घेतात. परंतु २००८ च्या नियमांनी खुली प्रेक्षागृहे, क्रीडांगणे, रेल्वे स्थानके आणि बसथांबे यांना मोकळ्या जागेच्या सवलतीतून बाहेर काढले आहे. म्हणून ठक्कर बाजारच्या किंवा महामार्ग बसस्थानकाच्या फलाटावर ‘वर आकाश आहे’ हा बचाव चालत नाही. तुमच्या गच्चीविषयी माझे वैयक्तिक मत असे की, वर पत्रा आणि तीन बाजूंना पावसाळ्यात सोडलेले प्लास्टिकचे पडदे असतील, तर तिला मोकळी जागा म्हणणे धाडसाचे ठरेल.

अठ्ठावीस खुर्च्यावाले भाऊ, आपण दोन खुर्च्या वाढवल्या तरी काम भागणार नाही. त्या खोलीला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती लागतात, आपोआप मिटणारे दार लागते आणि आतली हवा थेट बाहेर टाकणारी स्वतंत्र यंत्रणा लागते. ती हवा उरलेल्या हॉटेलच्या हवेत मिसळता कामा नये. खोली प्रवेशद्वाराशी किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर नको, आणि तिच्यात फक्त धूम्रपान करायचे. चहा, जेवण, मद्य, काहीही द्यायचे नाही. काचेचा आडोसा करून आत बिअर पोहोचवणारी जी व्यवस्था आपण पाहतो, ती नियमांतली नव्हे.

दंडाची रक्कम २०० रुपयांपर्यंत आहे आणि ती हास्यास्पद झाली आहे, हे मान्य. ती २,००० करण्याचा दुरुस्तीचा मसुदा जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने लोकांपुढे ठेवला होता. तुलनेसाठी सांगतो : २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आगीत १४ माणसे गेल्यानंतर महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी आणली. तिथे शिक्षा एक ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते एक लाख दंड अशी आहे. धूर तोच, पण कायद्याच्या दोन तराजूंत त्याचे वजन इतके वेगळे आहे.

ठराव कशाला, याचे उत्तर नियमांतच आहे. मालक, व्यवस्थापक किंवा जागेचा प्रमुख यांनी फलक लावायचा आणि ॲश-ट्रे, काडेपेटी, लायटर पुरवायचे नाहीत. फलक किमान ६० सेंटीमीटर बाय ३० सेंटीमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीचा हवा. तो प्रवेशद्वारावर, प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टच्या दाराशी लावायचा. तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव त्यावर लिहायचे. तक्रार येऊनही त्या व्यक्तीने काही केले नाही, तर जितके गुन्हे झाले तितक्यांचा दंड तिच्यावर बसू शकतो. तुमच्या संकुलात हा ‘प्रमुख’ कोण, हेच आजवर ठरलेले नाही. ठराव त्यासाठी हवा.

दिवसाला सहा

या धाग्यावर एकही धूम्रपान करणारा बोललेला नाही, म्हणून बोलतो. मी दिवसाला सहा सिगारेटी ओढतो. त्यांतल्या तीन अशाच एका जिन्यात, दुसऱ्या संकुलात. पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारे ते चित्र मी रोज पाहतो आणि त्यावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मला पाठ आहे. दोनदा फोनही केला आहे. पहिल्यांदा अकरा दिवस टिकलो, दुसऱ्यांदा एकोणतीस. सोडणे किती सोपे आहे, हे कृपया मला कोणी समजावू नये.

मी जिन्यात का जातो? टेबलावर ओढत नाही, कारण तिथे सहकारी आहेत. रस्त्यावर जात नाही, कारण समोरच्या टपरीशी क्लासची मुले उभी असतात, दोरीला बांधलेला लायटर हातात घेऊन सुटी सिगारेट पेटवत. सुट्या सिगारेट आणि विडीच्या विक्रीवर महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, हे त्या दोरीला अजून कळलेले नाही. माझ्या मुलीच्या वयाच्या पोरांपुढे धूर सोडत उभे राहण्याची मला लाज वाटते, आणि जिना ही लाज लपवण्याची जागा आहे. आता आपण म्हणाल, तो धूर वर क्लासच्या दारात जातो. हे मला या धाग्यावरच प्रथम कळले. जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला वाटते की खिडकी आहे, धूर बाहेर जातो आहे.

बंदीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो ‘बंद करा’ एवढेच म्हणून उठून जाण्याला. पाण्याला वाट दिली नाही तर ते भिंतीत मुरते. इमारतीच्या मागे, खरोखर उघड्यावर, क्लासच्या दारापासून लांब अशी एक जागा दाखवा. मी चार मजले उतरून जाईन. उतरण्याचा कंटाळा येऊन सहाच्या चार झाल्या, तर बायको तुमच्या गाळेधारकांना पेढे पाठवील.

छातीचा दवाखाना

‘दिवसाला सहा’ यांनी खिडकीचा उल्लेख केला, तिथूनच सुरुवात करतो, कारण हा समज अतिशय सार्वत्रिक आहे.

सिगारेटचा धूर दोन प्रकारचा असतो. एक ओढणारा आत घेऊन सोडतो तो, आणि दुसरा दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकातून आपोआप निघत राहतो तो. खोलीतल्या धुराचा मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा असतो. तो कमी तापमानाला, अर्धवट जळून निघतो आणि कोणत्याही फिल्टरमधून जात नाही, त्यामुळे काही विषारी घटकांचे प्रमाण त्यात ओढलेल्या धुरापेक्षाही अधिक असते. त्यातले कण इतके बारीक असतात की ते खाली बसत नाहीत, हवेत तरंगत राहतात. भिंतीवर दिसणारा एसी लावून धूर जातो, ही तर निव्वळ फसवणूक आहे. घरात किंवा हॉटेलात लावतो तो स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो. वास कमी झाल्यासारखा वाटतो आणि कण तिथेच राहतात.

न ओढणाऱ्याला याने खरेच काही होते का, हा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक मला नेहमी विचारतात. जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१ हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांचा अनेक वर्षे मागोवा घेतला आणि १९८१ मध्ये दाखवून दिले की, नवरा जितका जास्त ओढणारा, तितकी पत्नीच्या फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता जास्त. त्या निष्कर्षावर तेव्हा पुष्कळ वाद झाला, पण पुढच्या अभ्यासांनी तो पक्का केला. हृदयविकाराबाबतचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपान बंद झाले. बंदीच्या आधीचे दहा महिने आणि नंतरचे तेच दहा महिने यांची नऊ रुग्णालयांत तुलना केली, तेव्हा तीव्र हृदयविकाराने दाखल होणारे १७ टक्क्यांनी घटले होते. त्याच काळात इंग्लंडमध्ये, जिथे बंदी अजून यायची होती, घट ४ टक्के होती. आणि स्कॉटलंडमधल्या त्या घटीचा मोठा वाटा धूम्रपान न करणाऱ्यांचा होता.

म्हणजे बंदीचा लाभ सर्वांत आधी कोणाला झाला, तर ज्याने कधी सिगारेट हातात धरली नव्हती त्याला. चौथ्या मजल्यावरच्या क्लासमध्ये दम्याची किती मुले आहेत, हे एकदा विचारून पाहा. नाशिकच्या थंडीत ती मुले तशीच पंप खिशात घेऊन फिरतात.

रात्रपाळी

गिऱ्हाईक, मालक, ओढणारा, डॉक्टर, वकील, सगळे बोलले. जो तिथे काम करतो त्याच्याविषयी डॉक्टरसाहेबही ओझरते बोलले. मी शिकत असताना तीन वर्षे एका परमिट रूममध्ये वेटर होतो. शहर नाशिकच, जागा सांगत नाही.

गिऱ्हाईक दीड तास बसते. मी संध्याकाळी साडेपाचला जात असे आणि रात्री एकला निघत असे. पंधरा टेबले, प्रत्येकावर एक तरी पेटलेली. टेबल पुसायचे तर आधी ॲश-ट्रे उचलून त्यात पाण्याचे दोन थेंब टाकायचे, म्हणजे राख उडत नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवले गेले. घरी गेलो की आई शर्ट घरात आणू देत नसे. तो मोरीच्या बाहेर दोरीवर टाकायचा. मी एकही सिगारेट ओढली नाही, तरी सकाळी खाकरताना काळपट कफ पडत असे. मालक वाईट नव्हता. पगार वेळेवर द्यायचा, आजारी पडलो तर दवाखान्याचे पैसे द्यायचा. पण ‘गिऱ्हाइकाला उठवायचे नाही’ हा त्याचा नियम होता आणि तो तोडण्याची छाती अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला कुठून येणार?

अठ्ठावीस खुर्च्यावाले दादा, आपल्याकडे किती मुले कामाला आहेत हे आपण लिहिले नाही. खुर्च्या मोजल्या, तशी तीही मोजावीत. गिऱ्हाईक पलीकडच्या हॉटेलात जाऊ शकते. वाढपी जाऊ शकत नाही, आणि गेला तरी तिथेही तोच धूर असतो.

जुने नाशिक

मी पंचाहत्तरी ओलांडली आहे, म्हणून थोडे मागचे सांगण्याची परवानगी असावी. आमच्या तरुणपणी चित्रपटगृहात पडद्यापेक्षा प्रकाशाचा झोत पाहण्यासारखा असे. मागच्या भिंतीतल्या चौकोनातून निघालेला तो झोत धुरामुळे अगदी घट्ट, दुधासारखा दिसायचा, आणि त्यात विड्यांचे आणि सिगारेटींचे वेगवेगळे लोळ ओळखू यायचे. एसटीत ‘धूम्रपान करू नये’ अशी पाटी असे आणि कधी कधी तिच्याच खाली बसून कंडक्टर विडी पेटवी. घोटीच्या पुढे घाट लागला की गाडी लागणाऱ्यांचे जे हाल होत, ते निम्मे वळणांमुळे आणि निम्मे त्या धुरामुळे.

त्या काळी कोणी म्हणाले असते की एक दिवस हे बंद होईल, तर आम्ही हसलो असतो. आज कालिदास कलामंदिरात नाटक चालू असताना शेजारचा माणूस सिगारेट पेटवील, अशी कल्पनाही करवत नाही, आणि त्यामुळे नाटकाला जाणारे कमी झाले असे मी तरी ऐकले नाही. गिऱ्हाईक तुटेल ही भीती तेव्हाच्या थिएटरवाल्यांनाही वाटली असणारच.

सिन्नरचा

ठरावाला माझा पाठिंबा आहे. तरीही एक गोष्ट मनात सलते, ती मांडतो.

माझी आई विड्या वळत असे. सिन्नरात आमच्या आळीत घरोघर हेच काम होते. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने, कातर, पत्र्याचा साचा, मांडीवर सूप आणि सुपात तंबाखू. मजुरी दर हजार विड्यांमागे. कारखान्यात माल दिला की तिथला माणूस जुड्या चाळून कमी प्रतीच्या विड्या बाजूला काढी आणि तेवढी मेहनत वाया जाई. घरात कोणी धूम्रपान करत नव्हते, पण तंबाखूची भुकटी अंथरुणात, पिठाच्या डब्यात आणि आईच्या खोकल्यात असे. कायद्यातल्या ‘सार्वजनिक ठिकाण’ या शब्दांत आमचे ते घर कधी बसले नाही, आणि आईचे ‘कामाचे ठिकाण’ मात्र तेच होते.

सलते ते हे. मी ज्या संकुलात नोकरी करतो, तिथे पहारेकऱ्याने जिन्याखाली विडी पेटवली तर चारजण त्याच्या अंगावर धावून जातात. त्याच जिन्यात कंपनीचे भागीदार महागडी सिगारेट ओढतात तेव्हा त्यांना ‘सर, जरा खिडकीशी’ असे हसून सांगितले जाते. तुमचा ठराव लागू होईल तेव्हा पहिला दंड कोणाला होतो, यावर माझे लक्ष राहील. पहारेकऱ्याला झाला, तर तो ठराव धुराविरुद्ध नव्हता असेच मी समजेन.

पखाल रोड

चर्चा चांगली आहे, पण मला यातून काही निष्पन्न होईल असे वाटत नाही. महाराष्ट्रात ओढणारे आहेत किती? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि तंबाखू चघळणारे २४.४ टक्के. आपल्या जिन्यांचे कोपरे लाल आहेत ते सिगारेटमुळे नव्हे. खरा रोग सोडून आपण धुराच्या मागे लागलो आहोत. शिवाय दंड करणार कोण? पोलिसांना आधीच उसंत नाही, आणि कुंभमेळ्याच्या बंदोबस्तात ते जिन्यात डोकावतील ही अपेक्षा व्यर्थ आहे.

वकिली चष्मा

आकडे बरोबर आहेत. मला त्यांतून उलटा अर्थ दिसतो. चार टक्क्यांहून कमी लोकांच्या सोयीसाठी उरलेल्या सर्वांनी जिना धुरातून चढायचा, ही व्यवस्था कोणत्या हिशेबाने टिकली? मावा खाणारा भिंत घाण करतो, त्याचाही बंदोबस्त व्हावा. पण त्याचा मावा शेजाऱ्याच्या छातीत जात नाही.

दंड करण्याचा अधिकार फक्त पोलिसांना आहे, हाही गैरसमज आहे. पोलिसांत तो उपनिरीक्षक आणि त्यावरील अधिकाऱ्यांना आहेच. त्याशिवाय रेल्वे स्थानकात स्टेशन मास्तर, टपाल कार्यालयात पोस्टमास्तर, वाचनालयात ग्रंथपाल, रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक अशी लांबलचक यादी नियमांना जोडलेली आहे. कामाच्या ठिकाणी प्रशासनाचा प्रमुख त्यात येतो. ग्रंथपालाला दंडाची पावती फाडता येते, हे आपल्या शहरातल्या किती वाचकांना ठाऊक असेल, कोण जाणे.

अठ्ठावीस खुर्च्या

‘रात्रपाळी’ यांना : माझ्याकडे पाच मुले आहेत. आपण विचारल्यापासून मी दोन दिवस उत्तर लिहायला बसत होतो. त्यांतल्या एकाला मी कालच टेबलावरचे ॲश-ट्रे उचलून माळ्यावर टाकायला सांगितले. नियम मला माहीत नव्हता असे नाही. पहिल्या रात्री एका टेबलाने बशीत राख झाडली, दुसऱ्या रात्री कोणी विचारलेही नाही. आठवडाभराने गल्ल्याचा हिशेब सांगेन. खोटा सांगणार नाही.

तिसरा मजला (धागाकर्ता)

रविवारची बैठक झाली. बावीसपैकी सतरा गाळेधारक आले. ठराव मंजूर झाला, पण एकमताने नव्हे. परमिट रूमवाले मतदानाच्या वेळी फोन घेण्यासाठी बाहेर गेले ते चहा आल्यावरच परतले. गच्चीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. मागच्या बाजूला, जनरेटरच्या पलीकडे, क्लासच्या दारापासून लांब अशी उघडी जागा ठरवली आहे आणि तिथे वाळूचे मोठे कुंड ठेवायचे आहे. ‘सिन्नरचा’ यांचा मुद्दा मी वाचून दाखवला. त्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. मग असे ठरले की, पहिल्या महिन्यात दंडाआधी प्रत्येकाला एकदा लेखी समज द्यायची आणि ती गाळ्याच्या मालकाच्या नावाने काढायची, पहारेकऱ्याच्या नव्हे.

जिन्यातला डबा सोमवारी सकाळी मी स्वतः उचलला. मंगळवारी त्याच जागी नारळाची अर्धी करवंटी होती, वाळूसकट. बुधवारी तीही उचलली. आज गुरुवार, अजून तरी जागा रिकामी आहे.

एकच गोष्ट अडली आहे. फलकावर तक्रार घेणाऱ्याचे नाव कोणाचे लिहायचे, यावर बैठक पाऊण तास लांबली आणि कोणीही तयार झाले नाही. पेंटरला तूर्त ती ओळ कोरी सोडायला सांगितली आहे.

वकिली चष्मा

कोरी ओळ चालणार नाही. नावाशिवाय तो फलक म्हणजे भिंतीवरचे सुभाषित होईल.

दिवसाला सहा

माझे संकुल वेगळे आहे, नाहीतर मी दिले असते. जिन्यात कोण कधी येतो, हे ओढणाऱ्याइतके कोणाला ठाऊक नसते. तुमच्याकडच्या एखाद्या ओढणाऱ्यालाच विचारून पाहा.

तिसरा मजला (धागाकर्ता)

विचारले. दोघांना विचारले, दोघेही हसले. मग सध्या माझेच नाव लिहायला सांगितले आहे, सहा महिन्यांसाठी. फलक आज संध्याकाळी लागणार होता, पण पेंटरने ‘तक्रार’ऐवजी ‘तकरार’ लिहून आणले आहे. ते दुरुस्त करून उद्या लावतो.